भिजलेल्या फोनचा बसलेला आवाज: थांबावं, साफ करावं की फोन उघडावा?

प्रश्न असा आहे: "रविवारी बाइकवर ताम्हिणीला गेलो होतो. फोन रेनकोटच्या खिशात होता आणि खिशातच पाणी साचलं. फोन चालू आहे, टच आणि कॅमेरा ठीक आहे, पण स्पीकरचा आवाज दबका येतो. रात्रभर तांदळात ठेवला, पाणी बाहेर काढणारा आवाज लावून पाहिला, थोडा फरक पडला. आज तिसरा दिवस. अजून थांबू की दुकानात नेऊ?"

थांबून आता फारसं काही हाती लागणार नाही, पण लगेच फोन उघडायचीही गरज नाही. तिसऱ्या दिवशीच्या दबक्या आवाजात पाण्याचा वाटा कमी असतो. पाणी सुकताना जाळीवर जे सोडून गेलं, त्याचा जास्त असतो. पाणी आवाजाने निघतं, हा थर आवाजाने निघत नाही. पहिल्या दिवशीचे उपाय तिसऱ्या दिवशी करत बसलात तर वेळ जातो, आणि तिसऱ्या दिवशीचे उपाय पहिल्या दिवशी केलेत तर फोन जातो. आमच्याकडे पावसाळ्यात टेबलावर येणाऱ्या फोनपैकी कितीतरी पाण्याने कमी आणि घरच्या उपायांनी जास्त बिघडलेले असतात. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

फोनच्या खालच्या कडेला चार्जिंगच्या पोर्टशेजारी छिद्रांची रांग दिसते, तिच्यामागे एक बारीक जाळी असते. जाळीमागे छोटी पोकळी, पोकळीत पातळ पडदा, पडद्याला चिकटवलेली तांब्याच्या तारेची कॉइल आणि कॉइलभोवती चुंबक. या सगळ्या डबीला आम्ही रिंगर म्हणतो. पडद्याची हालचाल एक मिलिमीटरपेक्षाही कमी असते, आणि तेवढ्यातूनच गाणी, बातम्या, आईचा फोन सगळं ऐकू येतं. चहाची गाळणी धुतली की तिच्या भोकांत पाण्याचे पापुद्रे अडकून राहतात, झटकल्याशिवाय जात नाहीत. रिंगरच्या जाळीतही पृष्ठताणामुळे नेमकं हेच होतं, फक्त तिथली भोकं कितीतरी बारीक असतात.

असा पापुद्रा आधी उंच पट्टीचा आवाज अडवतो. माणसाच्या बोलण्यातले स, श, च हे वर्ण त्याच उंच कंपनांवर उभे असतात, म्हणून आवाज एकूण कमी व्हायच्या आधी बोलणं कळेनासं होतं. समोरचा 'साठ' म्हणतो आणि तुम्हाला 'आठ' ऐकू येतं. ही साधी चाचणीच आहे. दुसऱ्या फोनवर कुणाकडून 'साठ, सात, शंभर, चारशे' असं रेकॉर्ड करून घ्या आणि आपल्या फोनवर वाजवा. स आणि श पुसट पण घोगरेपणा नाही, तर अडथळा जाळीत आहे आणि रिंगर बहुधा शाबूत आहे.

आवाज फाटत असेल, मोठा केल्यावर फर्र होत असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे पाणी किंवा कचरा पडद्यापर्यंत पोचलाय, किंवा पडद्याची कड सुटून कॉइल चुंबकाला घासतेय. आणि आवाज कधी येतो, कधी जातो, फोन कडेला दाबला की परत येतो, असं असेल तर रिंगरला दोष देऊ नका. रिंगर बोर्डाला बारीक स्प्रिंगसारख्या पत्र्यांनी जोडलेला असतो, त्या पत्र्यांवर कार्बन धरलेला असतो. (दुकानात आम्ही गंजाला कार्बनच म्हणतो. हिरवट-पांढरी भुकटी दिसते ती.) दबका, फाटका आणि ये-जा करणारा असे हे तीन आवाज वेगवेगळे ओळखता आले तर निम्मं निदान घरीच झालं.

पण त्याआधी एक गोष्ट बघाच, कारण यात लोकांचे पैसे उगाच जातात. आवाज खरंच रिंगरमधून येतोय का? हल्ली बऱ्याच फोनमध्ये दोन ठिकाणांहून आवाज येतो. एक खालचा रिंगर आणि दुसरा वरचा, कानाला लावायचा इअर स्पीकर. गाणं लावा आणि खालची छिद्रं बोटाने झाका. आवाजात काहीच फरक पडला नाही तर खालचा रिंगर आधीपासूनच गप्प आहे आणि तुम्ही ऐकताय तो वरचा बारीक आवाज. उलट, वरची फट झाकल्यावर आवाज उलट मोकळा वाटला तर पाणी वर अडकलंय. हँडलच्या स्टँडवर फोन लावून पावसात हिंडणाऱ्यांचा, म्हणजे डिलिव्हरीवाल्या मुलांचा आणि रिक्षावाल्यांचा, वरचाच स्पीकर आधी जातो. खालची छिद्रं स्टँडच्या पंजात झाकलेली असतात, वर मात्र पाऊस थेट पडतो.

सॅमसंगच्या फोनवर डायलरमध्ये *#0*# टाका, शाओमी-रेडमीवर *#*#6484#*#* टाका. तपासणीची स्क्रीन उघडते आणि तिच्यात स्पीकर, रिसीव्हर (म्हणजे इअर स्पीकर), माइक वेगवेगळे तपासून बघता येतात. तिथल्या बाकीच्या बटणांना हात लावू नका. ब्लूटूथ बंद करा, घरातला एखादा टीव्ही किंवा इअरबड आवाज ओढून घेत असतो. आणि ज्या फोनला हेडफोनचं गोल भोक आहे त्यात पाणी शिरलं असेल तर फोनला वाटतं हेडफोन लावलाय. वर कोपऱ्यात हेडफोनचं चिन्ह दिसतं आणि रिंगर मुकाच राहतो. या रोगाला रिंगर बदलून काय उपयोग?

आता पाणी कुठलं होतं. आमच्याकडे फोन आणणाऱ्याला हा प्रश्न विचारला की लोक चिडतात, "पाणी ते पाणी!" तसं नसतं. ताम्हिणीचा पाऊस तुलनेने स्वच्छ, पण तो रेनकोटच्या खिशात साचला म्हणजे त्यात खिशातली माती, सुपारीचा चुरा, नाण्यांचा मळ विरघळला. साधं नळाचं पाणी सुकलं की क्षारांचा पांढरा थर राहतो. चहा किंवा उसाचा रस सांडला तर साखर राहते. ती पडद्यावर चिकटते आणि दमट हवेत पुन्हा ओली होते, म्हणून सकाळी आवाज बरा आणि संध्याकाळी पाऊस आला की परत बसलेला, असा खेळ चालतो. धुळवडीच्या रंगाची भुकटी इतकी बारीक असते की जाळीतून आत जाते आणि ओली झाली की तिथेच थापली जाते. विसर्जनाच्या मिरवणुकीतला गुलाल तसाच, त्यात वर ढोल-ताशा पथकातल्या पोरांचा घाम. समुद्राचं पाणी सगळ्यात वाईट. अलिबाग, दापोलीहून परतलेला फोन चालू दिसला तरी त्याच दिवशी दाखवावा, मीठ हवेतलीच ओल ओढून घेतं आणि तांबं खात राहतं.

आणि पुराचं पाणी. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून मुठेत मोठा विसर्ग झाला आणि सिंहगड रोडला एकतानगरीत घरांत पाणी शिरलं, ते आठवत असेल. अशा पाण्यात बुडालेल्या फोनमध्ये आवाज साफ करण्याचा प्रश्नच येत नाही. त्यात गाळ असतो, गटारीचं पाणी असतं. असा फोन चालू करून पाहायचाच नाही. आधी उघडायचा, धुवायचा, मग पुढचं.

भोसरी-चाकणच्या कारखान्यांतून येणाऱ्या फोनचा एक वेगळाच प्रकार सांगतो, कारण तो सांगितल्याशिवाय लोकांच्या लक्षात येत नाही. रिंगरमध्ये चुंबक असतो. लेथवर, ग्राइंडिंगवर काम करणाऱ्यांच्या फोनच्या जाळीला बाहेरून लोखंडाचा बारीक कीस चिकटतो, काळी लव आल्यासारखा. कोरडा असेपर्यंत फारसं बिघडत नाही. पाऊस लागला की तो कीस गंजून घट्ट पापडी बनतो. मग माणूस म्हणतो पाण्याने रिंगर गेला. गेलेला नसतो, बुजलेला असतो. ब्रश फिरवून हा कीस निघत नाही, कारण चुंबक परत ओढतो. चिकट पट्टीनेच तो उचलावा लागतो.

नुकताच भिजलेला फोन हातात आला तर काय करायचं ते आता सांगतो, तुमची वेळ निघून गेली असली तरी पाऊस अजून बराच बाकी आहे. कव्हर काढा. हे पहिलं, आणि हेच लोक विसरतात. कव्हरच्या कडेत चमचाभर पाणी असतं आणि ते हळूहळू छिद्रांकडे येत राहतं. बाहेरून सुती कापडाने पुसा. चार्जिंगचा पोर्ट खाली करून फोन धरा आणि तळहातावर हलके हलके आपटा. जोरात झटकू नका. झटकल्याने जाळीवरचं पाणी बाहेर येतं तसंच आतही जातं, आणि आत गेलेलं बाहेर यायला वाट नसते. सिमट्रे बाहेर काढून ठेवा. चार्जिंगला लावू नका, निदान पोर्ट पूर्ण सुकेपर्यंत तरी नाही. अॅपलने किमान अर्धा तास थांबायला सांगितलंय आणि पूर्ण सुकायला २४ तासही लागू शकतात असंही म्हटलंय. पुण्याच्या जुलैमध्ये मी दुसरा आकडा धरतो. ओल्या पोर्टात चार्जर लावला की विजेचा प्रवाह आणि पाणी मिळून पिना खातात. एक पिन काळी पडली की मग चार्जिंग बोर्ड बदलायचा खर्च.

स्क्रीनवर डाग, कॅमेऱ्याच्या काचेत धुकं, फोन आपोआप गरम होणं, स्वतःहून टच चालणं, यांपैकी काही दिसलं तर आवाजाचं विसरा, फोन बंद करा आणि त्याच दिवशी दुकान गाठा. पाणी नुसतं बसलेलं असताना बोर्डाचं एवढं बिघडत नाही, वीज चालू असताना बिघडतं.

वरचं काही नसेल, फक्त आवाज दबका असेल, तर पाणी काढणारा सूर लावायला हरकत नाही. यामागे जादू नाही. खालच्या पट्टीच्या सुरात पडदा जास्त अंतर पुढे-मागे जातो, हवेचा धक्का बसतो आणि जाळीतले थेंब बाहेर फेकले जातात. २०१६ च्या अॅपल वॉच सिरीज २ मध्ये ही युक्ती घड्याळातच आली. हल्ली वेबसाइट आणि अॅपवर जो सूर मिळतो तो बहुधा १६५ हर्ट्झच्या आसपास असतो, पेटीवर पाहिलं तर पुरुषाच्या गळ्यातल्या पांढरी तीनच्या जवळपास. काही रेडमी-पोको फोनमध्ये सेटिंगमध्येच 'क्लिअर स्पीकर' नावाची सोय आहे, ती आधी वापरा. आपल्या रिंगरला किती झेपतं ते बनवणाऱ्याला माहीत असतं.

लावताना छिद्रं खाली, फोन थोडा तिरका, आवाज पूर्ण. पंधरा-वीस सेकंद लावा, थेंब आलेत का पाहा, पुसा, मिनिटभर थांबा आणि परत लावा. चार-पाच वेळा केल्यावर थेंब येणं थांबलं की हा उपाय संपला. तासभर तोच सूर लावून ठेवणारे असतात. सतत पूर्ण आवाजात कॉइल तापते, आणि ओला जड झालेला पडदा आधीच ताणावर असतो. आवाज फाटत असेल तर हा सूर लावूच नका, सुटलेली कड आणखी सुटेल. शिवाय बऱ्याच फोनचे रिंगर इतके छोटे असतात की इतका खालचा सूर त्यांच्यातून धड निघतही नाही, आणि फोनमधलं सॉफ्टवेअर रिंगर वाचवायला स्वतःच जोर कमी करतं. एका मित्राच्या फोनवर चाललं आणि तुमच्यावर नाही, तर त्यात तुमचं काही चुकलं असं नाही.

मग फोन सुकू द्यायचा. पंख्याखाली, छिद्रं खाली करून, भिंतीला टेकवून. एसी असेल तर ड्राय मोडवर खोलीत ठेवा, त्याहून चांगलं काही नाही. स्कूटरच्या डिकीत ठेवू नका, तिथे ऊब असते पण हवा कोंडलेली असते.

तांदळाबद्दल: तांदूळ फोनमधलं पाणी ओढत नाहीत. पावसाळ्यात डब्यातल्या तांदळात आधीच दमटपणा असतो, आणि फोनच्या आतली वाफ बाहेर यायला हवा खेळावी लागते, ती तांदळात पुरल्यावर उलट थांबते. वर तांदळाची पांढरी पिठी ओल्या जाळीवर बसते आणि त्याची खळ होते. अॅपलने २०२४ मध्ये स्वतः लिहून दिलं की आयफोन तांदळात ठेवू नका, तांदळाचे कण फोनचं नुकसान करू शकतात. चार्जिंगच्या पोर्टात घट्ट रुतलेली इंद्रायणीची कणी मी चिमट्याने काढलेली आहे. सिलिका जेलच्या पुड्या तांदळापेक्षा बऱ्या, पण पंखा नसताना त्यांचाही उपयोग बेताचाच.

हेअर ड्रायर नको. फोनच्या कडा, मागची काच, रिंगरचा पडदा, सगळं गोंदावर चिकटलेलं असतं, आणि गरम हवेने गोंद ढिला होतो. फोन उघडताना आम्ही ब्लोअर वापरतो तो याचसाठी. आणि पंक्चरच्या दुकानात हवा मारून घेणं तर अजिबात नको. हसू नका, लोक घेतात. टायर भरणाऱ्या कॉम्प्रेसरच्या नळीपुढे जाळी टिकत नाही, आणि त्या हवेत तेल आणि पाण्याचा अंश असतो. म्हणजे पाणी घालवायला गेलात आणि तेल घालून आलात.

सिम काढायची पिन छिद्रात घालणं हा सगळ्यात महागडा घरगुती उपाय. स्पीकरच्या रांगेशेजारचं जे एकटं छिद्र असतं ते माइकचं. त्यात पिन गेली की माइकची पातळ जाळी फाटते, कधी माइकच फुटतो. मग तुम्हाला ऐकू येतं पण समोरच्याला तुमचं येत नाही. काही फोनमध्ये हवेचा दाब सारखा ठेवायचंही छिद्र असतं, ते फाटलं की पाणी अडवणं संपलं.

आता तुमच्या तिसऱ्या दिवसाकडे येऊ.

फोन बंद करा. मऊ, कोरडा, नवा टूथब्रश घ्या, लहान मुलांचा असला तर उत्तम. फोन असा धरा की छिद्रं जमिनीकडे असतील आणि ब्रश एकाच दिशेने, बाहेरच्या बाजूला फिरवा. गोल गोल घासू नका, त्याने कचरा आत दाबला जातो. थर सुटा झाला की रंगकाम करणारे वापरतात ती कागदी मास्किंग टेप घ्या, चिकट बाजू छिद्रांवर बोटाने दाबा आणि उचला. नवीन तुकडा, पुन्हा. टेपवर काय येतंय ते उजेडात बघा. करडी माती, पांढरी पिठी, काळा कीस, यावरून काय अडकलं होतं ते कळतं. तांदळात रात्र काढलेल्या फोनमध्ये पिठीच निघाली तर मला आश्चर्य वाटणार नाही. टेपऐवजी भिंतीवर पोस्टर चिकटवायची पुट्टी चालते, पण ती जोरात दाबू नका, तिचा तुकडा छिद्रात तुटतो.

एवढ्याने ऐंशी टक्के आवाज आला तर थांबा. आणखी हवं म्हणून नखाने, सुईने मागे लागू नका.

कोरड्या ब्रशने जमलं नाही तर आयपीए, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल, ९९ टक्क्यांचं. तापकीर गल्लीत आणि बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत बाटली मिळते. घरातलं सॅनिटायझर हे आयपीए नव्हे, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं आणि ते चिकट थर सोडतं. थिनर नको, प्लॅस्टिक विरघळतं. कुलूप-कड्यांवर मारायचा तेलाचा स्प्रेही नको, त्याचा तेलकट थर धूळ धरून ठेवतो. आयपीए ब्रशला लावायचं, ब्रश कागदावर टिपून ओलसर ठेवायचा आणि मग जाळीवरून दोन-चारदा फिरवायचा, छिद्रं खालीच. छिद्रात थेंब सोडायचा नाही. कारण सांगतो. वॉटरप्रूफ म्हणून विकलेल्या फोनमध्ये जाळीमागे एक पातळ पापुद्रा असतो जो हवा जाऊ देतो आणि पाणी अडवतो. पाण्याचा पृष्ठताण जास्त म्हणून ते अडतं. अल्कोहोलचा कमी, ते आरपार जातं. साबणाच्या पाण्याचंही थोडंफार तसंच, म्हणून बाथरूममध्ये शाम्पूच्या फेसात पडलेला आयपी ६८ (पाणी अडवण्याच्या चाचणीचा दर्जा) फोन कधी कधी पावसातल्या फोनपेक्षा जास्त भिजलेला निघतो. आयपीए वापरल्यावर पंख्याखाली काही तास ठेवा आणि मगच चालू करा. ते पेट घेतं, त्यामुळे हे काम गॅसच्या शेगडीजवळ करू नका.

आयपी ६८चा विषय निघालाच आहे म्हणून: ही चाचणी स्वच्छ, स्थिर पाण्यात, नव्या फोनवर होते. ६७ म्हणजे एक मीटर खोल, ३० मिनिटं. ६८ म्हणजे त्याहून जास्त, किती ते कंपनी ठरवते. त्यात मीठ नाही, साबण नाही, गरम वाफ नाही, आणि खडकवासल्याच्या चौपाटीवर दोनदा आपटलेला फोन तर नाहीच. गोंदाची कड वर्षागणिक म्हातारी होते. आणि वॉटरप्रूफ म्हणून विकलेल्या फोनलाही पाण्याने झालेलं नुकसान साध्या वॉरंटीत सहसा धरत नाहीत. सिमट्रेच्या खाचेत टॉर्च मारून पाहा, बऱ्याच फोनमध्ये तिथे पांढरी खूण असते, पाणी लागलं की ती लाल होते. सर्व्हिस सेंटरवाला फोन हातात घेतल्यावर आधी तिथेच बघतो. वॉरंटी चालू असेल तर बाहेर कुठेही उघडायच्या आधी ही खूण बघा. पांढरी असेल तर सरळ सेंटरला जा.

ब्रश, टेप, आयपीए करूनही 'साठ'चा 'आठ'च ऐकू येत असेल, किंवा आवाज फाटका असेल, तर फोन उघडायला हवा. चांगल्या कारागिराकडून काय व्हायला हवं ते सांगतो, म्हणजे काउंटरवर उभं राहून तुम्हाला बघता येईल. मागचं पॅनल सावकाश तापवून उघडलं पाहिजे, पातं खोल न घालता. बॅटरीचा कनेक्टर सर्वांत आधी काढला पाहिजे. जो आधी बॅटरी न काढता स्क्रू फिरवतो त्याच्याकडून फोन परत मागा. मग रिंगर बाहेर काढून मल्टिमीटर लावायचा. बऱ्याच फोनच्या रिंगरची कॉइल सहा ते आठ ओहमच्या आसपास दाखवते, काहींची कमी. काहीच दाखवत नसेल तर कॉइल तुटली, वाद संपला. आकडा बरोबर आला तर रिंगरच्या पत्र्या आणि बोर्डावरचे सोनेरी ठिपके पाहायचे, त्यावर कार्बन असेल तर आयपीए आणि ब्रशने काढायचा. कितीदा तरी काम एवढंच असतं, आणि त्याचे पैसे फक्त साफसफाईचे घ्यायला हवेत, नव्या रिंगरचे नाही.

रिंगर बदलायचा ठरला तर पूर्ण डबी बदला. आतली चकती काढून दुसरी बसवणारे आहेत, ते स्वस्त पडतं, पण रिंगरच्या मागची हवेची बंद जागा फुटते आणि आवाज कायमचा पत्र्याचा होतो. साध्या अँड्रॉइड फोनचा रिंगर काही शे रुपयांत मिळतो. कुणी त्यासाठी हजारांत सांगत असेल तर आणखी काय बदलतोय ते विचारा. कधी कधी खरंच आणखी काही असतं, चार्जिंग बोर्डावर पाणी गेलेलं असतं. ते दाखवायला सांगा, कार्बन डोळ्यांनी दिसतो. ऑडिओ आयसी (बोर्डावरची आवाजाची चिप) गेली असं पहिल्या पाच मिनिटांत ऐकवणाऱ्यावर माझा विश्वास नाही. आयसीवर येण्याआधी इअर स्पीकर, हेडफोन आणि दुसरा रिंगर लावून पाहावं लागतं.

पॅनल बंद करताना जुना गोंद खरवडून नवी गॅस्केट किंवा गोंद लावला पाहिजे आणि क्लिप लावून काही वेळ दाबून ठेवलं पाहिजे. घाईत असाल तर संध्याकाळी या म्हणणारा कारागीर, दहा मिनिटांत देतो म्हणणाऱ्यापेक्षा बरा. आणि एकदा उघडलेला फोन वॉटरप्रूफ राहिला असं कुणीही छातीठोक सांगू शकत नाही. पुढच्या रविवारी तो झिपच्या प्लॅस्टिक पाउचमध्ये, आणि पाउच सॅकच्या आत.

घ्यायला जाल तेव्हा काउंटरवरून हलायच्या आधी गाणं पूर्ण आवाजात लावा, मग एक कॉल कानाला लावून करा आणि एक स्पीकरवर. रेकॉर्डरमध्ये चार वाक्यं बोलून ऐका, माइक तिथेच कळतो. चार्जर लावून पाहा. टॉर्च, कॅमेरा, कंपन पाहा. जुना रिंगर मागून घ्या.